अध्यक्षांच्या चिमटीतला हिंगा

धुळ्यातल्या एका कॉलेजात मी प्राणीशास्त्र शिकवतो. आमच्या विभागात बरे म्हणावेत असे दोन मायक्रोस्कोप होते. एक बिघडलेला, आणि दुसरा बिघडू नये म्हणून विभागप्रमुखांच्या कपाटात कुलूपबंद.

एका एप्रिलमध्ये साक्रीच्या बाजूला, एका उघड्या माळावर मी किडे गोळा करत होतो. नेपतीच्या झुडपावर, लाल फुलांत काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे हिंगे, म्हणजे एक जातीचे भुंगेरे, बसले होते. बाजरीवर येतात तसलेच, पण आकाराने निम्मे. मी वाकलो तशी शेळ्या चारणारे एक आबा लांबूनच म्हणाले, "हात नका लावू, सर. आंगवर चिरडाना ते फोड उठस."

"तुम्हाला उठला होता का?"

"बठ्ठास्ले उठेल शे. हाई काय इचारानी गोट शे का?" म्हणजे सगळ्यांनाच उठलेला; त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

मी चिमट्याने सहा-सात हिंगे उचलून बाटलीत टाकले. घरी भिंगाखाली मिशा मोजल्या, तर नऊच पेरं भरली. मी दोनदा मोजली. या किड्यांच्या मिशीला सहसा अकरा पेरं असतात. नख्याही वेगळ्या होत्या. पुस्तकं उलथीपालथी केली, बाहेरच्या संग्रहालयांना पत्रं पाठवून फोटो मागवले. जवळचे नातेवाईक सापडले ते राजस्थानातल्या आणि त्याही पलीकडच्या वाळवंटांतले, पण त्यांच्यातही हा बसेना. मिळत्याजुळत्या जातींची मिळून एक प्रजाती होते. याला ठेवायला प्रजातीच नव्हती. ती मलाच मांडावी लागणार होती.

त्यात तीन वर्षं गेली. पाय, नख्या, पंख यांची चित्रं मी स्वतःच्या पैशाने घेतलेल्या जुन्या मायक्रोस्कोपवर काढली. निबंध तयार झाल्यावर विभागप्रमुखांना दाखवला.

"नवीन जात का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, प्रजाती. जातीच्या वरची."

"जातीच्या वर काही असतं हे आपल्या संस्थेत पहिल्यांदाच ऐकतोय," असं म्हणून ते स्वतःच हसले. मग त्यांनी पेन काढलं आणि माझ्या नावाच्या आधी आपलं नाव लिहिलं. माझी बढतीची फाइल त्यांच्याच टेबलावर होती, आणि मी काही फार शूर माणूस नाही.

दोन दिवसांनी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. प्रजातीला संस्थाध्यक्षांच्या दिवंगत वडिलांचं नाव द्यावं, अशी सूचना वरून आली होती. मी सांगितलं, "सर, आंतरराष्ट्रीय नियमानुसार नाव शरीराच्या ठेवणीवरूनच द्यावं लागतं." असा कुठलाही नियम नाही. पण विभागप्रमुखांनी जोरात मान हलवली, "हो, हो, नियमच आहे तसा." न वाचलेल्या नियमाला इतका भक्कम पाठिंबा मी कधी पाहिला नव्हता.

निबंध छापून आला आणि सत्कार ठरला. पुन्हा एप्रिल होता. प्रदर्शनासाठी मी माळावरून चार जिवंत हिंगे आणून बरणीत ठेवले होते. शाल-नारळ विभागप्रमुखांना मिळाले, मला गुलाबाचं फूल. मग अध्यक्षांनी विचारलं, "या किड्याचा कपाशीला काही उपयोग?"

"नाही, साहेब."

"केळीला?"

"नाही."

ते जरा खट्टू झाले. पण फोटोग्राफर समोर उभा होता. त्यांनी बरणीचं झाकण उघडून एक हिंगा चिमटीत धरला. मी म्हणालो, "साहेब, हात लावू नका, फोड येतो." ते म्हणाले, "अहो, आम्ही शेतकरी माणसं." त्यांची शेती गेली कित्येक वर्षं दुसरेच करत होते. हिंग्याने गुडघ्यातून पिवळा थेंब सोडला आणि फोटो झकास आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला आणि विभागप्रमुखांना अध्यक्षांच्या केबिनमध्ये उभं केलं. त्यांचा अंगठा आणि तर्जनी पाणी भरून टरारली होती. सही करायची सोय उरली नव्हती.

"हा किडा नेमका कोणाचा?" त्यांनी विचारलं.

विभागप्रमुखांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही. "सगळं काम यांचंच, साहेब. शोधला यांनी, लिहिलं यांनी. माझं फक्त नाव आहे."

तीन वर्षांत मला मिळालेली ही एकमेव कबुली, आणि तीही साक्षीदारासमोर. मला हसू आवरेना, म्हणून मी खाली बघत राहिलो. अध्यक्षांना वाटलं, मी खजील झालोय. त्यांनी समज देऊन सोडलं.

बढती एक वर्ष लांबली. ते वर्ष मनाला लागलं, घरातही बोलणी झाली. शिक्षा म्हणून वेळापत्रक आणि परीक्षेची बैठकव्यवस्था माझ्याकडे आली. पुढच्या उन्हाळ्यात यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याच प्रजातीतली आणखी एक जात सापडली. मी निबंध लिहून विभागप्रमुखांकडे नेला.

त्यांनी पहिलं पान पाहिलं, फोटो पाहिला आणि कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवले.

"तुम्ही एकट्यानेच पाठवा," ते म्हणाले. "माझ्याकडे सध्या फार काम आहे."