उफिंग्टनच्या घोड्यापर्यंत पोचलो नाही ते वर्ष

नवरा कॅन्सरनं नेला. त्याची शेवटची इच्छा मात्र एका लाकडी फाटकानं अडवली.

आज ह्यांची पुण्यतिथी. मुलीनं मला फेसबुकवर बसवलंय, तर म्हटलं इथेच लिहावं.

तुमच्यातल्या निम्म्या लोकांना इथे इंग्लंडात, स्लाऊच्या सर्जरीत म्हणजे दवाखान्यात, ह्यांनी इंजेक्शनं दिली आहेत. डॉक्टर म्हणून तुम्ही ओळखताच.
पण रविवारचे डॉक्टर फक्त मी ओळखते.

रविवार आला की मेडनहेडच्या घरून गाडी काढायची आणि कुठल्या तरी काउंटीतला, म्हणजे इथल्या जिल्ह्यातला, पडका किल्ला, ॲबी म्हणतात तो जुना मठ, नाहीतर शेतात उभे चार दगड बघायला जायचं.
मी म्हणायचे, अहो, दगड बघायला इतक्या लांब का आलो आपण? सातारला कमी होते?
हे हसायचे आणि मला डबा धरायला लावून पुढे चालू पडायचे.

ह्यांचा सगळ्यात लाडका म्हणजे उफिंग्टनचा पांढरा घोडा.
डोंगराच्या हिरव्या उतारावर चर खणून त्यात खडू ठासलाय. तीन हजार वर्षं झाली म्हणे. गवत त्याला गिळू नये म्हणून लोक अजून हातोडे घेऊन जातात आणि गुडघ्यावर बसून नवा खडू ठोकतात. हेही एकदा गेले होते. पँट धुवून धुवून माझे हात दुखले.

आम्ही या देशात आलो तेव्हा घोडा आमच्याच बर्कशायरमध्ये होता. मग सरकारनं काउंट्यांच्या रेघा बदलल्या. घोडा ऑक्सफर्डशायरला गेला आणि बकिंगहॅमशायरचं स्लाऊ आपल्या गळ्यात आलं.
"घोडा देऊन स्लाऊ घेतलं. काय सौदा आहे!" हे वर्षानुवर्षं ऐकवायचे.

पण त्यातूनच आमचा दसरा ठरला.
सीमोल्लंघन करायचं ना? मग काउंटीची सीमा ओलांडून घोड्यापाशी जायचं. आपट्याची पानं नाहीत, तर खाली पडलेली बीचच्या झाडाची पिवळी पानं एकमेकांना सोनं म्हणून द्यायची. वर वाऱ्यात बसून दशम्या खायच्या. मुलं कुरकुरायची, पण यायची.

२००१ च्या जानेवारीत कन्सल्टंटनं सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत.
हे स्वतः डॉक्टर. त्यांना अजून काय समजावणार?
घरी येताना गाडीत एवढंच म्हणाले की दसरा काही मिळत नाही, तर यंदा पाडव्याला जाऊ.

आणि फेब्रुवारीत फूट-अँड-माउथ आली.
आपल्याकडची लाळ्या-खुरकूत हो. ह्यांच्या लहानपणी गावाकडे बैलांना झाली की तुरटीच्या पाण्यानं तोंड धुवायचे, खूर धुवायचे, महिनाभर बांधून ठेवायचे. बहुतेक जनावरं उठायची.
इथे सगळ्यांना मारून जाळत होते. टीव्हीवर तो धूर दिसला की हे मान फिरवायचे.
माणसांच्या बुटांवरून रोग पसरू नये म्हणून देशभर पायवाटा बंद.

तरी पाडव्याला मी ह्यांना गाडीत बसवलं. म्हटलं, बघू तरी.

खालच्या रस्त्यावरून घोडा दिसतो एरवी. त्या दिवशी धुक्यात डोंगरच नव्हता.
वर फाटकाला पट्टी बांधलेली, पाटी लावलेली, खाली औषधात भिजवलेला पेंढा.
आणि शेजारी शेतकरी उभा. डोंगरावर त्याच्याच मेंढ्या चरायच्या. दर दसऱ्याला तो आम्हाला हात करायचा.

त्यानं ह्यांच्याकडे एकदा बघितलं. काही विचारावं लागलं नाही त्याला.
आजूबाजूला बघून त्यानं पट्टी सोडली आणि म्हणाला, जा डॉक्टर, मी कुणाला काही बोलणार नाही.

मला वाटलं देवच भेटला. मी ह्यांचा दंड धरला.
हे हलेचनात.

मी चिडले. इतकी चिडले की त्या माणसासमोर मराठीत ओरडले, अहो, तुम्हाला आता कसले नियम?

हे शांतपणे म्हणाले, "सुलू, मी मरणारच आहे. त्याच्या मेंढ्या कशाला?"

मी ह्यांना परत गाडीशी आणलं.

गाडीत काच खाली करून बसले. अर्धी दशमी खाल्ली. शेतकऱ्यानं पट्टी परत बांधली. जाताना आमचा फोन नंबर घेतला, वाट उघडली की कळवतो म्हणाला.

एप्रिलमध्ये हे अंथरुणाला खिळलेले, आणि त्याचा फोन आला.
मी धावले. वाटलं, उघडली वाट. व्हीलचेअर, ॲम्ब्युलन्स, काय वाट्टेल ते करून नेते आता.

तो रडत होता.
शेजारच्या शेतात लागण सापडली म्हणून त्याच्याही मेंढ्या मारल्या होत्या. एकही आजारी नव्हती. सगळ्या मारल्या.

मी सॉरी म्हणाले. दुसरं इंग्लिश आठवेना.

खोलीत गेले तर हे जागे. कोण होतं, विचारलं.
मी म्हटलं, तो घोड्याजवळचा शेतकरी.
"मेंढ्या बऱ्या आहेत ना त्याच्या?"

म्हटलं, हो. चरताहेत.

"बरं झालं," म्हणाले आणि डोळे मिटले. त्यानंतर नीट बोलणं असं झालंच नाही आमचं.

कुणावर रागवायचं हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. शेतकरी भला, नियम बरोबर, नवरा तर काय, सोन्यासारखा. आणि कुणाच्याच हाताला काही लागलं नाही.

अहो, आज विचारलंत तरी मी तेच सांगेन.
मेंढ्या चरताहेत. तुम्ही निवांत झोपा.

तुम्हाला माझा नमस्कार.
सुलू