कास्टचं बटण

शाळेत मला सगळे मामा म्हणतात. मी चौथीपर्यंत शिकलेला शिपाई. वय झालं तरी संस्थेनं ठेवून घेतलंय, कारण कुठल्या कुलपाची किल्ली कुठली ते मलाच माहीत. आता वर्गावर्गात फळ्यावर ती मोठी काचेची पॅनेलं बसवलीत. ती सकाळी चालू करायची, पुसायची, दुपारी बंद करायची, हे माझ्याकडे. म्हणून नव्या शिक्षिका अडल्या की आधी मलाच हाक मारतात.

मी सांगतो. एकट्या पेन ड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, पाठ फोनमध्येही ठेवा. काच कोरड्या फडक्यानं पुसा, ओलं लावू नका. अक्षर एवढं मोठं ठेवा की मागच्या बाकावरून मला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. फोन पडद्यावर दाखवण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज बंद करा, नाहीतर घरून आलेलं ‘येताना कोथिंबीर आण’ सगळा वर्ग मोठ्यानं वाचतो. हे मी बघून बघून शिकलो. एकच गोष्ट फार उशिरा शिकलो, आणि ते दुसऱ्याच माणसाच्या अंगावर आलं.

सातवीला मराठी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. पॅनेलं आली त्याच वर्षी संस्थेनं कागद काढला: प्रत्येकानं पॅनेलवर एक तास घेऊन दाखवायचा. ज्यांना जमणार नाही त्यांना पुढच्या जूनपासून वर्ग नाही, ग्रंथालयात बसायचं. बाईंची नोकरी तीन वर्षं उरली होती.

“मामा, तेवढी तीन वर्षं वर्गात जाऊ देत हो,” त्या मला म्हणाल्या. “या नव्या पोरींना विचारलं की ‘सोप्पंय हो बाई’ म्हणतात आणि बोटं अशी फिरवतात की मला त्यांच्या नखांशिवाय काही दिसत नाही.”

मग शाळा सुटल्यावर आम्ही दोघं सातवीच्या वर्गात थांबायला लागलो. मी शिकवणार, त्या शिकणार.

“खडूसारखं दाबू नका बाई. नुसतं टेकवा.”

“बरं, सर.”

“चुकलात तर अंगठे धरायला लावीन.”

“लावा. उठताना मात्र हात द्यावा लागेल.”

महिन्याभरात त्यांना बरंच जमलं. मग एका शनिवारी कंपनीकडून एक मुलगी ट्रेनिंगला आली. हिंदी बोलणारी, पटपट बोलणारी. सगळ्यांना फोन बाहेर काढायला लावले. मीही मागच्या बाकावर फोन घेऊन बसलो. ती फिरत फिरत माझ्यापाशी आली आणि सगळ्यांसमोर विचारलं, “अंकल, आपका कास्ट क्या दिखा रहा है?”

हा शब्द मी आयुष्यभर ऐकलेला. मराठवाड्यात आमच्या शाळेत गुरुजी उभं करून तेच विचारायचे. चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही, त्यात तेही एक कारण. इथंसुद्धा दाखल्याच्या वेळी ऑफिसच्या खिडकीतून क्लार्क ओरडतो, “कास्ट काय, कास्ट?” आणि बाहेरची बाई पदर सावरत हळूच सांगते. ते मी दर जूनमध्ये बघतो. माझं डोकं फिरलं.

“मेरा कास्ट पूछनेवाली तू कौन?” म्हणालो, आणि उठून पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभा राहिलो.

बाई मागोमाग आल्या. “अहो मामा, तसं नाही. फोनमधलं पॅनेलवर टाकायचं बटण आहे ते. त्याला कास्ट म्हणतात. स्पेलिंगसुद्धा वेगळंय.”

“स्पेलिंग तुमचं. माझ्या कानाला आलं ते मला कळतं.”

“चला ना आत. ती पोर रडायला आलीय.”

“तुम्ही जा. मी येत नाही.”

त्या गेल्या नाहीत. मला एकटं सोडायला नको म्हणून थांबल्या. चहा मागवला, मी घेतला नाही, त्यांनी घेतला. तोवर ट्रेनिंग संपलं. शब्दाचा अर्थ बाईंना माहीत होता, पण ते करायचं कसं ते राहून गेलं. त्यांनी नंतर दोनदा विषय काढला. मी म्हणालो, “पेन ड्राइव्ह आहे ना? त्या बटणावाचून काही अडत नाही.” इतक्या ठामपणे म्हणालो की त्यांनी ऐकलं.

तासाच्या दिवशी संस्थेचे तीन जण मागे बसले. बाईंनी पेन ड्राइव्ह लावला. पॅनेलनं तो घेतला नाही. काढून पुसून पुन्हा लावला. नाही. त्या तिघांतला एक म्हणाला, “मॅडम, फोनमध्ये असेल ना? कास्ट करा.”

फोनमध्ये पाठ होता. बाईंनी ते बटण शोधून दाबलंसुद्धा. पण पॅनेलचं नावच येईना. मी दाराशी उभा होतो, त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

पॅनेल शाळेच्या वायफायवर होतं, बाईंचा फोन स्वतःच्या नेटवर. दोन्ही एकाच वायफायवर असावी लागतात, बस. त्या मुलीनं आत हे सांगितलं तेव्हा आम्ही टाकीपाशी उभे होतो.

बाईंनी फोन पर्समध्ये टाकला आणि कविता तोंडानं शिकवली. पोरं गप्प बसून ऐकत होती. ते तिघं कागदावर लिहीत होते.

निकालात बाईंचं नाव ग्रंथालयाच्या यादीत आलं, तसा मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे गेलो. कुणापुढं मान खाली घालायची मला सवय नाही, पण गेलो. “चूक माझी आहे. माझ्यामुळं त्या ट्रेनिंगमधून उठल्या.”

“मामा, त्यांना कुणी हात धरून नेलं नव्हतं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आता यादी वर गेलीय.”

नंतर एका नव्या शिक्षिकेसमोर मी फोन धरला आणि म्हणालो, “ते कास्टचं दाखवा.” तिनं दाखवलं. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. तसाच ग्रंथालयात गेलो. “बाई, जमलं मला. दाखवू?”

“आता कशाला, मामा?” त्या पुस्तकांना नंबर चिकटवत होत्या. राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

रोज मधल्या सुट्टीत मी तिथं जातो. त्या वर न बघता विचारतात, “सातवी कुठं आलीय?” मी येताना सातवीच्या खिडकीतून बघून आलेलो असतो. कुठला धडा चाललाय ते सांगतो. “मागे पडलेत,” एवढंच म्हणतात, आणि पुढचं पुस्तक ओढतात.