अलार्म तपासणारा

लालबागच्या आमच्या घरी दर सहा महिन्यांनी तो गॅसचा अलार्म तपासायला येतो. न पेटवता लायटरमधला गॅस अलार्मवर सोडतो आणि वाजणं थांबेपर्यंत एक हात वर धरून उभा राहतो. "आत धातूच्या ऑक्साइडचा थर आहे, आजी. गॅस त्यावर बसला की वाजतो, उठला की गप्प," हे माझ्या आईला दर वेळी सांगतो.

गेल्या महिन्यात शेगडीची नळी गळली, पण अलार्म वाजलाच नाही. आईला वास आला म्हणून निभावलं. मी चिडून त्याच्या कंपनीत तक्रार केली. तो आला आणि सिंकच्या कडेचं नवं सिलिकॉन बोटाने चाचपत म्हणाला, "याची वाफ थरावर बसली की उठत नाही. मग गॅसला जागाच राहत नाही."

ते सिलिकॉन मीच लावलं होतं. अलार्मजवळ लावू नका, असं त्याने मला दोनदा बजावलं होतं.

"मगे आदी सांगूक नको?" आई त्याच्यावर करवादली.

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"चुकलं, आजी," म्हणत त्याने कागदावर लिहिलं, 'ग्राहकाला सूचना दिली नव्हती.' त्याखाली मी सही केली.

तो खरंच विसरला होता, की आईसमोर मला वाचवत होता, हे मला अजून कळत नाही. विचारायचं, तर मला सगळं आठवतंय हे आधी कबूल करावं लागेल.