भिंतीवरचा काळा गोल

ओल्या चुन्याचा वास आला की सणसरचा आमचा गोठा आठवतो. म्हशी पलीकडच्या छपरात बांधून मी त्याचं गॅरेज केलं होतं. नवा कोबा, मधोमध भंगारातून आणलेली टर्बो डिझेल गाडी. "सुरू न्हाय झाली, तर म्हशी परत हितंच," असं बजावून वडिलांनी स्वतःच मागच्या भिंतीला चुना मारला. मी दुरुस्त केलेला टर्बो बसवला आणि चावी फिरवली. गाडी खोकली, गरजली, टर्बोची शिट्टी घुमली! मी ओरडतच मागं वळलो, तर धुरानं ओल्या भिंतीवर परातीएवढा काळा गोल उमटलेला. कुंचला हातात धरून वडील म्हणाले, "चालू झाली की रं!" यंदा दिवाळीला नवा रंगारी आला, तेव्हा काठी टेकत वडीलच आधी त्या भिंतीपाशी गेले. "एवढं सोडून रंगव."