आवाज तिकडं, चित्र इकडं

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही लेकीची आहे. ती धाराशिवला नर्सिंगला गेली तेव्हा मागं राहिली, निम्मी कोरी. फोनवर लिहिणं मला सोपं जातं, अर्धा शब्द लिहिला की पुढचा तोच सुचवतो. पेन काही सुचवत नाही. त्यामुळं कुठं कुठं चुकलं असेल. वही कुणाला वाचायला द्यायची नाही, पण लेकीच्या हाती लागलीच तर तिनं हसावं आणि ठेवून द्यावी.

मी जळकोटला राहते. साड्यांना फॉल लावते, पिको करते, पदराला गोंडे बांधते. मालकांचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. माणसांत गेले की माझी जीभ टाळूला चिकटते. गिऱ्हाईक बाई दारात आली तरी मी आधी तिच्या साडीकडं बघते आणि मग तोंडाकडं.

माझ्या काही खोडी आहेत. एक म्हणजे शेवटचं मला नको असतं. ताटातला शेवटचा घास मी ठेवते, सासूबाई त्यावरून आयुष्यभर बोलल्या. लेकीला एसटीत बसवायला जाते, पण गाडी हलायच्या आत पाठ फिरवून घरी येते. दुसरी खोड म्हणजे कारण नसताना मला कुणाला फोन करता येत नाही. सख्ख्या भावालाही नाही. काय म्हणून करायचा, तेच सुचत नाही. कारण असलं की मी बोलते, आणि कारण संपलं की ठेवते.

हे सगळं एका मालिकेमुळं आठवलं. मालिकेचं नाव लिहीत नाही. संध्याकाळी लागायची, स्वयंपाकाच्या वेळेला. त्यातली सून मला फार आवडायची. ती भांडायची नाही, पण सरकायचीही नाही. त्या वर्षी लेक दहावीला होती. घर दोन खोल्यांचं, टीव्ही त्यातल्याच एका खोलीत. म्हणून मी आवाज बंद करून बघायची. मांडीवर कुणाची तरी साडी, हातात सुई, आणि समोर माणसं ओठ हलवतायत. कोण काय म्हणालं ते अंदाजानं समजून घ्यायचं. आवाज नसल्यामुळं माझं लक्ष साड्यांवर जास्त गेलं असेल.

लेकीला माझी कीव आली असणार. तिनंच मला फोनवर त्या मालिकेच्या बायकांच्या ग्रुपात घातलं. तिथं कुठल्या कुठल्या गावच्या बायका होत्या. पुण्याच्या होत्या, गोव्याच्या होत्या, एक तर दुबईहून लिहायची. मालिका संपली की सगळ्या तुटून पडायच्या. सासू असं का म्हणाली, नवरा गप्प का राहिला. मी बरेच महिने नुसती वाचत होते. एक दिवस कुणी तरी विचारलं, आज ती काय सुंदर दिसत होती, कुठली साडी होती हो ती? कुणालाच सांगता येईना. मी लिहिलं, "जांभळी, मोहरी रंगाचा काठ. मागच्या संक्रांतीला नेसली होती तीच. पदराचा एक गोंडा तुटलाय." लिहिलं आणि फोन उशीखाली घालून भाकरी थापायला गेले. परत येऊन बघते तर बदाम आणि हसरी तोंडं इतकी, की मोजता येईनात.

त्या दिवसापासून ते माझं काम झालं. रोज साडी लिहायची. मला तिथं सगळ्या साडीवाली ताई म्हणायला लागल्या. गावात मला कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई म्हणतात. तिथं मी काही तरी निराळी होते.

वर्ध्याच्या एक बाई होत्या. मुलांची खाणावळ चालवायच्या. त्यांनी मला वेगळा मेसेज केला. "ताई, तुमचा डोळा आहे का दुर्बीण?" दोन दिवस मी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्या दिवशी लिहिलं, "डोळाच आहे. चष्मा लागलाय." मग त्यांचं बोलणं सुरू झालं. त्या बोलून मेसेज पाठवायच्या, मागं तव्याचा, भांड्यांचा आवाज. त्यांची चूल आणि टीव्ही समोरासमोर होते, म्हणजे पोळ्या लाटताना टीव्हीकडं पाठ. त्या मालिका नुसती ऐकायच्या.

"आज ते रडली, मले आवाजावरून समजलं," त्या म्हणायच्या. "पण नेसली काय होती? अन तो नवरा उभा होता का बसला होता?"

मी लिहायची, उभा होता, पाठमोरा. आणि विचारायची, तो शेवटी काय म्हणाला? मला तर फक्त ओठ दिसले.

"काही नाही म्हणला. नुसतं 'हं' म्हणला. पण असा 'हं' म्हणला ना माय, की मी पोळी जाळली."

असं आमचं चालायचं. आवाज त्यांच्याकडं, चित्र माझ्याकडं. दोघी मिळून एक भाग पुरा व्हायचा. पुढं लेकीची दहावी झाली, मला आवाज लावता आला असता. लावला नाही. त्यांच्याकडून ऐकायची सवय झाली होती.

माझ्या माहेरी कन्नड बोलतात, मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात. त्या वयानं मोठ्या म्हणून मी त्यांना अक्का लिहायला लागले. त्यांना हसू आवरेना. "अक्का म्हणते मले, जशी मी एखादी दरोडेखोर. म्हण बाई. खाणावळीची पोरं तशीबी भेतेच मले."

मालिकेतल्या सुनेला दिवस गेले तेव्हा ग्रुपनं तिचं डोहाळजेवण करायचं ठरवलं. प्रत्येकीनं आपल्या घरी एक पदार्थ करायचा, फोटो टाकायचा, एकाच दुपारी. मी शेंगाच्या पोळ्या करायला घेतल्या. सासूबाई तेव्हा होत्या. शेंगदाण्याचा कूट, गूळ बघून त्या चुलीपाशी येऊन बसल्या.

"आज काय सण हाय?"

"सण न्हाई. डोहाळजेवण हाय एकीचं."

"कुणाचं?"

"हाय एक ओळखीची."

"कुठली? आपल्यातली हाय का?"

मला खोटं जमत नाही. "टीव्हीतली," म्हणाले.

सासूबाई आता सगळ्या गल्लीत सांगणार, असं मला वाटलं. त्यांनी एक पोळी उचलली, वास घेतला आणि विचारलं, "कितवा महिना?"

"सातवा."

"मग तूप जरा जास्त सोड की."

दोन खाल्ल्या त्यांनी. फोटोत कोपऱ्यात त्यांचा हात आलाय. तो फोटो माझ्याकडं आहे. त्यांचे दुसरे फोटो लग्नातले आहेत, ताठ उभ्या राहिलेल्या. मला हा हाताचा जास्त आवडतो.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात मालिकेत पाटी आली, सहा वर्षांनंतर. पोरगी एकदम दप्तर घेऊन शाळेत चाललेली. ग्रुपात रडारड. डोहाळे आम्ही पुरवले आणि बारसं दाखवलंच नाही. मग बायकांनी बारसंही स्वतःच केलं, नावावरून भांडणं झाली, दोघी ग्रुप सोडून गेल्या. मी एवढंच लिहिलं, की सहा वर्षं गेली पण जांभळी साडी तीच आहे आणि गोंडा अजून कुणी बांधला नाही. अक्का म्हणाल्या, "तिले जळकोटले धाडून दे, तू बांधून देशील."

लग्नसराईच्या तोंडावर माझ्या पिकोच्या मशीनची मोटर जळली. मेकॅनिक म्हणाला, मशीन जुनी आहे, सेकंडहँड दुसरी घ्या. त्याच महिन्यात मालकांचा पाय जॅकखाली आला होता, दुकान बंद. मी ग्रुपात कुणाला सांगितलं नाही, पण साडी लिहायचं दोन दिवस राहिलं. अक्कांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना? मी कारण लिहिलं. मागायचं म्हणून नाही, त्यांनी विचारलं म्हणून. दुसऱ्या दिवशी फोनवर पाच हजार आले. मी घाबरून पहिल्यांदा त्यांना खरा फोन लावला.

"अक्का, चुकून आलेत तुमचे."

"चुकून कशाले येतीन? मशीन घे. अन आवाज किती बारीक आहे वं तुझा, मले वाटलं पोरगी बोलून राहिली."

"मी फेडीन."

"फेडजो. मी कुठं नाही म्हणली."

मशीन आली. त्याच वर्षी मालिका संपली. शेवटचा भाग लागला तेव्हा मी टीव्ही बंद करून अंगणात साडी घेऊन बसले. लेक म्हणाली, "आई, असं कुणी करतं का? इतकी वर्षं बघितलीस." मी म्हणाले, नंतर बघीन. फोनवर तो भाग अजून आहे. मी उघडलेला नाही.

अक्कांनी तो ऐकला. लगेच विचारलं, शेवटी काय नेसली होती? मी खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आता काय करावं तुले? मी कोणाले विचारू?" त्यांच्याकडंही फोन आहे, त्यांना बघता आलं असतं. नाही बघितला. "तू सांगशील तवाच," म्हणाल्या.

ग्रुप हळूहळू ओस पडला. आधी रोज शंभर मेसेज, मग सणाच्या शुभेच्छा, मग कुणी तरी कसल्या तरी पावडरीची जाहिरात टाकायला लागलं. बायका नव्या मालिकांकडं गेल्या. मी दोन-तीन बघून पाहिल्या. साड्या चांगल्या होत्या, पण सांगायचं कुणाला?

माझ्याजवळ एकच कारण उरलं, अक्कांचे पैसे. महिन्याला पाचशे पाठवायची. पाठवले की त्यांचं "पोचले" यायचं आणि त्या निमित्तानं आम्ही बोलायचो. पैशाचं अर्धं मिनिट, बाकी मालिकेचं. "आता ते पोरगी केवढी झाली असंन?" "चौथीत असंल." "सासूचं गुडघ्याचं दुखणं कसं असंन वं?" "पायऱ्या चढताना बघितलंय मी, ऑपरेशन लागणारच." कुणी ऐकलं असतं तर नातेवाइकांचं बोलतोय असं वाटलं असतं.

निम्मे फिटले तेव्हा मी तीनशे पाठवायला लागले. मग दोनशे. मग शंभर. हाताशी पैसे असायचे तरी. अक्का एकदा म्हणाल्या, "हप्ता लहान होऊन राहिला तुझा. काम कमी आहे का?" मी म्हणाले, व्हय. काम कमी नव्हतं.

यंदा लग्नं फार होती. एका घरातल्या पंधरा साड्यांचे गोंडे मी एकटीनं बांधले. पैसे डब्यात ठेवताना मालकांनी बघितले.

"वर्ध्याच्या बाईचं किती राह्यलं?"

"नऊशे."

"मग टाक की देऊन. किती दिस लावायलीस? तिनं तोंडानं मागितलं न्हाई म्हणून लोकाचं ठिवायचं का?"

"देते."

"देते देते करून साल गेलं. पैसं हायत, बाई भली हाय, मग आडलंय कुठं?"

कुठं अडलंय ते त्यांना कसं सांगायचं? नऊशे पाठवले की "पोचले" येईल आणि मग पुढच्या महिन्यात मी कशाला मेसेज करणार? चार दिवस मी फोन हातात घ्यायची आणि ठेवायची. पैसे पाठवायच्या आत एक करून बघावं असं वाटलं. काहीच कारण नसताना फोन करायचा. जमलं तर नऊशे द्यायचे.

दुपारी मालक दुकानावर होते. मी मशीनवरची साडी बाजूला केली, पदरानं तोंड पुसलं आणि लावला. पलीकडं तोच तव्याचा आवाज.

"हाव, बोल. पोचले नाही बावा अजून."

"पाठवलेच न्हाईत, अक्का."

"मंग? काही अडचण आहे का? खरं सांग."

"न्हाई. असाच केला."

"असाच?"

"व्हय. असाच."

पोळी उलटल्याचा आवाज आला. मला वाटलं आता ठेवावा.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा केला असाच," त्या म्हणाल्या. "मले वाटे, ही बाई पैसे फिटले की जाते. म्हणून मीबी म्हणत नव्हती, की राहू दे आता." मग मागं कुणावर तरी ओरडल्या, "भाजी त्या डब्यात नाही, मोठ्या डब्यात!" आणि परत मला, "काय करून राहिली?"

"हिरवी साडी हाय मांडीवर. पोपटी न्हाई, मुगासारखी. काठ लाल."

"सुनेजवळ होती एक तशी."

"होती. नागपंचमीला नेसली होती."

"अन शेवटच्या भागात?"

"अजून बघितला न्हाई, अक्का."

"बरं. पाहशील तवा सांगजो. मी काही मरून नाही राहिली एवढ्यात."

बराच वेळ बोललो. काय काय बोललो ते सगळं आता आठवत नाही. त्यांच्या खाणावळीत पोरं कमी झालीत, त्यांचाही गुडघा दुखतोय, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं आम्ही मालिकेतल्या सासूच्या गुडघ्याचंच बोलत होतो.

फोन ठेवला. हिरवी साडी परत मशीनवर घेतली, एक कड पुरी केली. मग हात धुऊन नऊशे पाठवले. जरा वेळानं त्यांचं आलं, "पोचले. सगळे फिटले."