सलामीची खुर्ची

संगीत हा नृत्याचा आत्मा आहे. हे वाक्य आमच्या नृत्यवर्गाच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं, आणि त्याबद्दल ग्वाल्हेरच्या लश्कर भागात कुणाचं दुमत नव्हतं. वाक्याच्या बरोबर खाली एक खुर्ची असे. कोरीव हातांची, लाल मखमलीची. महाराज कधी वर्ग पाहायला आले तर बसतील, म्हणून संस्थानाच्या काळात ठेवलेली. ते आले नाहीत, त्यामुळे मखमल उत्तम राहिली होती.

कथकात सलामी नावाचा तुकडा असतो. शेवटी नाचणारी चक्कर घेते आणि नेमकी समेवर थांबून सलाम करते. सारंगीवर एकच ओळ फिरत राहते, तिला लेहरा म्हणतात. ती फिरून जिथे घरी येते ती सम. माझ्या गुरुजींनी मला ही सलामी त्या खुर्चीकडे तोंड करून शिकवली. मी माझ्या मुलींना तशीच शिकवली. रिकाम्या खुर्चीला वाकण्यात काही वावगं आहे असं आम्हा कुणाला वाटलं नाही. वाकायची सवय लागली की समोर कोण बसलंय हा प्रश्न उरत नाही.

मग संस्थान विलीन झालं. आसपासची लहानमोठी संस्थानं मिळून एक राज्य झालं. सरकार उन्हाळ्यात इंदूरला जाई, हिवाळ्यात ग्वाल्हेरला येई. साहेब येत-जात, कागद येत-जात. खुर्च्या मात्र दोन्हीकडे कमी पडत. एका सकाळी दोन चपराशी आले आणि आमची खुर्ची उचलून घेऊन गेले. कुठल्याशा नव्या खात्याच्या साहेबांना बसायला काही नव्हतं.

"बाई, आता सलाम कोणाला करू?" जयेंद्रगंजातून येणारी माझी सगळ्यात चलाख विद्यार्थिनी म्हणाली. "भिंतीला?"

"कर ना," दुसरी म्हणाली. "खुर्ची तरी कुठे जवाब द्यायची."

हसणं झालं आणि नाच सुरू झाला. ती चलाख मुलगी चक्कर घेऊन थांबली तेव्हा सम होऊन गेली होती. पुन्हा केलं, तर समेच्या आधीच थांबली. बाकीच्यांचं तेच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या मुली सम ऐकतच नव्हत्या. चक्कर घेताना नजर एका जागी ठेवायची असते, आणि ती जागा इतकी वर्षं खुर्ची होती. लाल मखमल दिसली की पाय थांबत. आमच्या नृत्याचा आत्मा त्या चपराशांनी पाठीवर घालून नेला होता.

याच सुमारास कळलं की सरकारी इमारतींतल्या खोल्यांची नव्याने वाटणी होणार आहे, आणि एक अधिकारी येऊन कुठला वर्ग ठेवायचा ते ठरवणार. वर्ग गेला तर मला कुठल्यातरी कचेरीत बसवलं असतं. पण त्या चलाख मुलीचं नाचणं संपलं असतं. तिचे आजोबा फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी मला एकदाच सांगितलं होतं, "बाई, सरकारी छताखाली नाचते तोवर आमची हरकत नाही. कुणाच्या घरी जाऊन नाचणं आमच्याकडे चालायचं नाही." छत कसं आहे ते त्यांनी पाहिलं नव्हतं. पावसात आम्ही बादली ठेवून तिच्याभोवती नाचत असू.

मी घुंगरू काढायला लावले. तबलजींची जागा नव्या राज्यात कुणी भरली नव्हती, म्हणून ताल मी हाताने देत असे. तोही बंद केला. फक्त सारंगी. मुलींनी ओढण्या डोळ्यांवर बांधून नुसतं चालायचं आणि ओळ घरी आली की थांबायचं. पहिल्या दिवशी त्या एकमेकींवर आदळल्या.

"बाईसाहब," सारंगीवाले खाँसाहेब म्हणाले, "ये नाच सिखा रही हैं या आँखमिचौली?"

"तुम्ही वाजवा, खाँसाहेब."

"बजा तो रहा हूँ. पहली बार कोई सुन रहा है, इसलिए डर लगता है."

हळूहळू चालणं बदललं. मुली ओळीमागे धावेनाशा झाल्या. आत वळणाऱ्या पाहुण्यासाठी दार उघडं धरावं तशा थांबू लागल्या. संगीत आणि हालचाल यांच्या नात्याबद्दल मी तोवर बरंच वाचलं होतं. त्यात हे थांबणं कुठे नव्हतं.

अधिकारी आले ते थंडीत. इमारतीचा कारभार पाहणाऱ्या बाबूंच्या खोलीतली लाकडी खुर्ची आणून आम्ही वाक्याखाली ठेवली होती. साहेबांनी ती स्वतः उचलली आणि दारापाशी उन्हात ठेवली. 

ती मुलगी उभी राहिली. लेहरा सुरू झाला. साहेब एकटक वर पाहत होते. मला वाटलं, रंगले. तिने चक्कर घेतली आणि समेवर अशी थांबली की मीही श्वास धरला. सलाम झाला. तोंड मात्र साहेबांकडे नव्हतं, वाक्याकडेही नव्हतं. कोपऱ्यात बसलेल्या खाँसाहेबांकडे होतं. जिकडून आवाज येत होता तिकडे ती वळली होती.

खाँसाहेबांना आजवर कुणी सलामी दिली नव्हती. त्यांनी सारंगीचा गज खाली ठेवला आणि उजवा हात कपाळाला लावून सलाम परत केला. सारंगी बंद पडली.

"ये सलाम किसको था?" साहेबांनी विचारलं.

"समेला, साहेब," मी म्हणाले.

त्यांनी पुन्हा वर पाहिलं, बाबूंच्या कानात काही सांगितलं आणि निघून गेले. मुलगी रडू लागली. मी तिला सांगितलं की आजच्यासारखी सम तुला पूर्वी कधी सापडली नव्हती. ते खरं होतं, आणि त्याने तिचं रडणं थांबलं नाही.

आठवड्याने बाबू आले. वर्ग आहे तिथेच राहणार होता, मुलीच्या आजोबांची हरकत नव्हती, आणि खाँसाहेबांनी पेढे आणले. साहेबांना काय आवडलं, असं मी बाबूंना विचारलं.

बाबू म्हणाले, छत इतकं गळकं आहे की ही खोली दुसऱ्या कुठल्याही खात्याने मागितली नाही.