आत्याचा वाढलेला टीएसएच

सुनंदाआत्या गेल्याचा फोन ऑफिसच्या लँडलाइनवर आला. मेंदूत रक्तस्राव, काही तासांत सगळं संपलं. संध्याकाळी मीरा रोडला, पूनम सागरमधल्या तिच्या घरी पोहोचले, तर तिची नणंद कुणाला तरी सांगत होती, "जागची हलायची नाही हो. आळस नडला." मी चार माणसांत बोलत नाही. तेव्हाही बोलले नाही... पण इथे लिहिते. आत्या आळशी नव्हती. तिला थायरॉइड होता.

दादर सोडून मीरा रोडला आल्यावर ती सुजू लागली, दुपारी बसल्या जागी डोळे मिटायचे. घरात टोमणे सुरू झाले, तेव्हा तिने स्वतःहून रक्त तपासून घेतलं. त्यात टीएसएचचा आकडा वाढलेला निघाला आणि थायरॉइडची गोळी सुरू झाली. पुढच्या रिपोर्टमध्येही टीएसएच वाढलेलाच दिसला आणि शेजारच्या भाभी म्हणाल्या, "थायरॉइड बढ़ गया है, गोली बंद करो." काकांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्यालाही, ते पटलं. गोळी बंद झाली आणि आत्याला जिना चढवेना, आवाज घोगरा झाला.

"तू इंग्लिश मिडियमची ना? चल," म्हणत तिने मला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. प्रश्न मात्र सगळे तिनेच विचारले. घरी आल्यावर चप्पलही न काढता तिने काकांना गाठलं. "आपल्या पिंकीला शाळेसाठी उठवताना मी कधी ओरडते?"

"ती उठत नाही तेव्हा."

"हां! टीएसएच म्हणजे मेंदूतून येणारी तीच ओरड. गळ्यातली ग्रंथी झोपलीय, म्हणून ओरडा वाढलाय. खरं काम ती ग्रंथी बनवते त्या टी-फोरचं, ते माझं कमी पडतंय. गोळी वाढवायचीय, बंद नाही करायची. आणि परत मला आळशी म्हणालात, तर आपला डबा आपण करा."

काका हसले नाहीत. खाली जाऊन गोळ्या घेऊन आले.

आत्या गेल्यावर, मागच्या शनिवारी मी तिथे राहायला गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंकी अजून झोपलेली, काका नुसतेच बसले होते, गॅस बंद. नणंद म्हणाली, "दादा, चहा टाकते."

"थांब. अर्धा तास होऊ दे."

आत्याची गोळी उपाशीपोटी असायची, नंतर अर्धा तास चहा नाही. 'मी एकटीनेच का तिष्ठायचं?' म्हणून तिने सगळ्या घरालाच थांबायला लावलं होतं.

"आता कुणासाठी थांबायचं? तिची एकेक थेरं..." म्हणत नणंद उठली.

मी गॅससमोर जाऊन उभी राहिले. "थांबायचं म्हणजे थांबायचं." माझा आवाज मलाच मोठा वाटला.

मग आम्ही तिघंही बसून राहिलो, बिनचहाचे.